नोटिशीचा कागद

थंडगाडीची अर्चना सकाळी साडेदहाला माझ्या दाराशी पायी आली, तेव्हाच मी समजले की गाडीचं काही खरं नाही.

आमच्या तेल्हाऱ्यात वैशाखात दहाचा भोंगा झाला की रस्त्यावर पाय ठेवायला बंदी. बंदीचा हा तिसरा उन्हाळा. भोंग्यानंतर माणसं घरात, कुत्री नालीत, आणि चुकून कोणी दिसलंच तर खांबावरचं मशीन त्याच्यावर ओरडतं. अशा उन्हात ही पोरगी डोक्यावर ओला टॉवेल टाकून दीड किलोमीटर चालत आली होती. मी एका कूलरच्या गळक्या टाकीला डाग देत बसले होते.

"मावशी, गाडी निकाली काढली," उंबऱ्यावरच बसत ती म्हणाली.

"कोनं?"

"मशिनीनं. दोन वाजता दुसरी तपासनी हाय. त्याच्यातबी लाल आली, तं चार वाजता चेपून भंगार करायचा ट्रक येते."

"अन् साक्षीले कोन होतं?"

तिनं टॉवेल पिळला. मग म्हणाली, "नंदूभाऊ."

नंदूभाऊ म्हणजे नंदकिशोर, माझा एकुलता एक. दोन वर्षं झाली तो आईशी बोलत नाही, असं गावात म्हणतात. गावाला उलटं दिसतं. मी त्याच्याशी बोलत नाही.

मी तिच्या हातात पाण्याचा गडवा दिला. "घोटघोट पे. एकदम नोको. मंग सुरवातीपासून सांग."

थंडगाडी काय असते ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. ऊन लागून माणूस पडला की त्याला अर्ध्या तासाच्या आत थंड करावं लागतं. आतला ताप एकशेसहावर गेला आणि तिथंच राहिला तर मेंदू शिजतो, मग दवाखान्यात नेऊन फक्त सही घेता येते. म्हणून सरकारनं बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या दिल्या. मागे खाट, सलाईन, ओल्या चादरी, आणि एसी असा की वैशाखात दात वाजावेत. आमच्या खारपाणपट्ट्यात सतरा गावं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, झाड बघायला डोळे बारीक करावे लागतात. या सतरा गावांना गाडी एक आणि अर्चना तेलगोटे एक. तीच नर्स, तीच डायवर, आणि कागदावर गाडीची मालकही तीच.

आदल्या दिवशी ती उमरीच्या शेषराव वानखडेला घेऊन येत होती. एसी पूर्ण. पंधरा मिनिटं झाली आणि गाडीचा ताप लाल पट्टीत गेला. मग गाडी गोड आवाजात म्हणाली, बॅटरीच्या सुरक्षेसाठी गारवा बंद करण्यात येत आहे.

"मी वरडली तिच्यावर. म्हनलं, मांगं मानूस हाय. तं म्हंते, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

खिडक्या उघडल्या तर बाहेर एकोणपन्नास. भट्टीचं दार उघडल्यासारखं. तिनं पिण्याचे दोन कॅन शेषरावच्या अंगावर ओतले आणि गाडी दामटत आणली. शेषराव जगला. पण बायकोला अजून ओळखत नाही. तिला ताई म्हणतो.

"आता मशीन म्हंते, बॅटरी म्हातारी झाली. नवी गाडी पावसाळ्यानंतर. जिल्ह्यात आठ थंडगाड्या होत्या मावशी, या उन्हाळ्यात पाच अशाच निकाली निघाल्या. अकोटच्या आवारात उभ्या हायेत, सोमवारी दुसरी तपासनी करून चेपतीन. माही सहावी."

आता हे गाड्यांचं वैद्यमशीन काय आहे तेही सांगते. मी तिसरी पास, पण चौतीस वर्षं रेडिएटरच्या दुकानात काढली, एवढं मला समजतं. हल्लीच्या गाडीत दोनेकशे जागी मोजमाप बसवलेलं असतं. पाण्याचा ताप, बॅटरीचा ताप, एसीच्या नळीतला दाब, पंख्याचे फेरे, सगळं. मशीन ते आकडे घेतं आणि देशभरातल्या कोटी-दीड कोटी गाड्यांच्या आकड्यांशी ताडून बघतं. असेच आकडे ज्यांचे होते त्यांचं पुढे काय झालं? तेच हिचं होणार. बस. ते डोकं चालवत नाही, ओळखीचं तोंड शोधतं. आणि शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर निघतं, हे मी नाकारत नाही. आमचे मिस्तरी, म्हणजे नंदूचे वडील, तेसुद्धा अठ्ठ्याण्णवला पोचत नव्हते. फक्त उरलेल्या दोनात मिस्तरी म्हणायचे, माझं चुकलं. मशिनीत ती सोय ठेवलेली नाही.

मशीन इतकं बरोबर निघतं म्हटल्यावर कायदा आला. गाडीच्या बॉनेटला सील. मशीन सांगेल तेवढंच काम, तेही केंद्रात. ज्याच्याकडे परवान्याचा कागद नाही त्यानं गाडीला हात लावायचा नाही. आणि मशिनीच्या निकालाखाली सही करायला प्रत्येक केंद्रात एक माणूस, त्याला म्हणायचं साक्षीदार. बापाच्या हाताखाली डाग द्यायला शिकलेला माझा नंदू साक्षीदार झाला. आणि मिस्तरी जाऊन सहा महिने व्हायचे होते तेव्हा, साहेबाचा सदरा घालून, 'पांचाळ रेडिएटर'च्या दारावर दुकान बंद करण्याची नोटीस त्यानं स्वतःच्या हातानं डकवली. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. तो म्हणाला, परक्यानं लावण्यापेक्षा मी लावलेली बरी. मी ती नोटीस फाडली नाही. नीट सोडवली, चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवली.

कूलर दुरुस्त करायला कायद्याची मनाई नाही. म्हणून कूलर.

"एसी बंद केला की गाडी तापते का?" मी अर्चनाला विचारलं.

"नाही."

"अकोल्याच्या हायवेवर, एसी चालू असताना?"

"कमी. जास्त तापते ते गावातल्या रस्त्यानं, हळू चालवली की. अन् उभी असली की."

"पंखा फिरते?"

"फिरते. मशिनीत पंखा बरोबर हाय म्हनून येते."

"हिवाळ्यात कुठं होती गाडी?"

"इथंच. लसीच्या कामाले. कापूस वेचनीच्या टायमाले सारी गावं फिरली. जिनिंगच्या रोडनंच तं जा लागते."

"अन् मी बांधून देल्ली होती ते मच्छरदानीची जाळी?"

अर्चनानं माझ्याकडे बघितलं. "ते दिवाळीतच काढली मावशी. केंद्रात नेली का मशीन लाल दाखवे. अनधिकृत वस्तू."

मी डाग द्यायचं लोखंड बाजूला ठेवलं, विस्तवावर पाणी मारलं आणि छत्री काढली.

"चाल."

"या उनात? तुमी? मावशी, अडुसष्ट वर्षाच्या—"

"वय मले पाठ हाय. चाल."

रस्त्यावर खांबाखांबाला आमच्यावर पुकारा होत होता. आजी, कृपया घरात जा, आपल्या जिवाला धोका आहे. तिसऱ्या खांबाला मी थांबले आणि वर बघून सांगितलं, "तुही आजी बसली असन घरात. मी कामाले चालली." अर्चना तेवढ्यातही हसली. पोरगी चांगली आहे.

निदान केंद्र म्हणजे पत्र्याचं मोठं दालन, आत गारवा, मागे गाड्या धुवायची जागा आणि पडद्यावर हिरवी-लाल अक्षरं. वरून चार डोळे बघत असतात, माणसाचे नाहीत. थंडगाडी मधोमध उभी होती, काचेवर लाल पट्टी. नंदू मला बघून खुर्चीतून उठला. वाळला होता. डोळ्यांखाली काळं.

"माय," तो म्हणाला.

मी अर्चनाकडे तोंड केलं. "अर्चना, साहेबाले विचार, गाडी चालू करून एसी लावता येते का पाच मिनिटं."

"नंदूभाऊ, मावशी म्हंतात—"

"ऐकलं मी," नंदू म्हणाला. "लाव. मालकाले गाडी चालू करायले मनाई नाही."

गाडी चालू झाली. एसी लागला, पंख्याचा घुमारा आला. मी पुढे जाऊन उभी राहिले, बटव्यातून नोटीस काढली, घड्या उलगडल्या. सरकारी कागद जाड असतो, ताठ राहतो. दोन बोटांनी तो गाडीच्या तोंडाशी, जाळीवर टेकवला. नंदूनं कागद ओळखला. मी बघितलं नाही, पण ओळखला.

मी बोटं सोडली. कागद सरळ खाली पडला.

हे कागद लावणं आमच्या दुकानाचं. मिस्तरी त्याआधी कुठलीही गाडी उघडत नसत. पंखा मागे बसलेला असतो, तो पुढून हवा ओढतो. हवा जात असेल तर कागद जाळीला पोळीसारखा चिकटून बसतो. पडला, म्हणजे पंखा फिरतो आहे पण ओढत काहीच नाही.

"अर्चना, साहेबाले विचार, मशिनीत हवेचं माप हाय का?"

नंदूनं पडदा बघितला. बघायची गरज नव्हती, त्याला पाठ असणार. "पंख्याच्या फेऱ्यायचं हाय. करंटचं हाय. हवेचं... हवेचं नाही."

"अर्चना, तुले सांगते, नीट आयक." मी मोठ्यानं बोलले, कारण ज्याला सांगायचं होतं तो सहा फूट लांब होता. "एसी गारवा बनवत नाही. कोनीच गारवा बनवत नाही. एसी आतली गरमी उचलते अन् गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते तिच्यावर आनून टाकते. तिच्या मांगं, बोटभर अंतरावर, दुसरी जाळी. पान्याची. मोटरीची गरमी पानी घेऊन येते अन् तिथं टाकते. बॅटरीची गरमीबी एसीच वाहून नेते. म्हंजे दोघींचा कचरा टाकायची जागा एकच, अन् तो उचलून न्यायले पंखा एक. एसी बंद असला तं गरमी थोडी, कशीबशी निघून जाते. हायवेवर वारा पुढून धक्का देते, मंग चालून जाते. पन एसी लावून गावातून हळू चालवली, तं पयल्या जाळीची गरमी दुसरीच्या तोंडावर. अन् मधात हवा कोंडली असली तं?"

"तं पुरी गाडी तापन," अर्चना म्हणाली.

"कूलरची गवताची ताटी चोंदली की काय होते? पंखा घूं घूं करते अन् आंगाले वारा नाही. तसंच हे."

"पन जाळ्या साफ हायेत," नंदू म्हणाला. आता तो मधल्या माणसाला विसरून बोलत होता. "पुढून पाहा, मांगून पाहा. दर महिन्याले प्रेशरनं धुतो आमी."

"कुठून धुता?" हे अर्चनाला.

"पुढून."

मी छत्री उघडी करून गुडघ्यावर दाबली, एक काडी मोडून काढली. चांगली छत्री होती. काडीचं टोक दाढेखाली धरून वाकवलं, बारीक आकडी केली आणि दोन जाळ्यांच्या मध्ये, कडेच्या फटीतून आत सारली. हलवली, फिरवली, ओढली. आकडीला पांढुरकं काही आलं. मी ते नंदूच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

रुई. धुळीनं मातकट झालेली, दाबून घोंगडीसारखा नमदा झालेली रुई.

आमच्याकडे दसऱ्यापासून कापूस निघतो. तेव्हापासून जिनिंगच्या रस्त्यावर हवेत रुई उडत असते. डोळ्यांत जाते, चहात पडते, माणसाला दिसते. म्हणून आमच्या भागात ट्रॅक्टर असो, ट्रक असो, हिवाळ्यात पुढे मच्छरदाणीचा तुकडा बांधायची रीत. संध्याकाळी झटकला की झालं. मशिनीनं पुण्या-मुंबईच्या, दिल्लीच्या गाड्या बघितल्या. त्यांच्या तोंडाला मच्छरदाणी नसते. मग ही कुठली वस्तू? अनधिकृत. काढा. लोकांनी काढली. हिवाळाभर रुई पहिल्या जाळीच्या फटीतून आत गेली आणि दोघींच्या मध्ये बसली. पुढून दिसत नाही, मागून दिसत नाही. त्यावर केंद्रातल्या लोकांनी दर महिन्याला पुढून पाण्याचा जोरदार मारा केला. रुई निघाली नाही, ठासली गेली. गादी पिंजून भरतात तशी भरली. हिवाळ्यात गाडी काही म्हणाली नाही. उन्हाळ्यात एसी लागला आणि बोलली. आणि मशिनीला कोटी गाड्यांत हे तोंड ओळखीचं निघेना. पंखा बरोबर, पाणी बरोबर, गॅस बरोबर, तरी बॅटरी तापते. मग त्यातल्या त्यात मिळतं-जुळतं तोंड त्यानं काढलं, म्हातारी बॅटरी.

नंदूनं तो नमदा बोटांनी उलगडला. मग मशिनीसमोर धरला. मशीन म्हणालं, परका पदार्थ, यादीत नोंद नाही.

"सील तोडता येत नाही माय," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "बॉनेटचं सील तुटलं की गाडी कायमची कुलूपबंद. मंग ट्रकचीबी वाट पाहा लागत नाही."

"अर्चना, साहेबाले विचार, गाडी धुवायले मनाई हाय का?"

वर चार डोळे बघत होते. माझा मुलगा त्या डोळ्यांकडे बघत होता. लहानपणी गणिताचं उत्तर येत असूनही सांगावं की नाही असा उभा राहायचा, तसा.

"अर्चना," तो शेवटी म्हणाला, "तुह्या मावशीले सांग, नियम अकरा. दुसऱ्या तपासनीच्या आधी मालकाले आपली गाडी धुता येते. कुठून धुवायची हे नियमात लिवेल नाही."

ज्यांनी सील बनवलं त्यांना वाटलं गाडीत माणूस वरून शिरतो. इंजिनवाले शिरतात. आम्ही रेडिएटरवाले खालून शिरतो, आयुष्यभर. गाडीच्या खाली एक प्लास्टिकचा पडदा असतो, चिखल उडू नये म्हणून. त्याला सात पिना. त्यांना सील नाही.

गाडी धुवायच्या जागेवर नेली. मी पातळाचा काचा मारला, पोतं अंथरलं आणि खाली गेले. अर्चना पिना झेलायला बसली. गुडघ्यानं आवाज केला, मी त्याला गप्प बस म्हटलं. पडदा उतरला. पंख्याच्या खालून हात आत गेला. चौतीस वर्षांत हाताला वाट पाठ झालेली होती. फक्त हात जाड झाला होता की वाट अरुंद, ते कळेना.

"पानी," मी खालून म्हटलं.

पाय दिसले. सरकारी बूट. मग तो ओळखीचा घरघराट, प्रेशरची बंदूक सुरू झाल्याचा.

"नंद्या, बंद कर ते."

बंदूक बंद झाली. दोन वर्षांतला माझा पहिला शब्द तो असा गेला. ठरवून गेला नाही, पण परतही घेता येईना.

"तुह्या बापानं काय शिकवलं होतं?"

खालून मला त्याचे फक्त बूट दिसत होते. ते हलले नाहीत. "साधी नळी," तो म्हणाला. "मांगून पुढं. जसी आली तसी काढायची. जोर लावायचा नाही, पाती वाकतेत."

"मंग?"

साधी नळी आली. त्यानं ती बाहेरून धरून ठेवली नाही. बूट काढले, सदरा काढला आणि पलीकडून तोही खाली शिरला. मी म्हटलं, "तो वरचा डोळा पाह्यते ना तुले. फिरवून ठेव पाह्यजे तं."

"पाहू दे," तो म्हणाला.

"हो. पाहू दे. शिकू दे त्याले."

पाऊण तास आम्ही मायलेक पाठीवर पडून होतो. मागून पुढे पाणी, कडेनं आकडी. रुई आधी धाग्याधाग्यानं आली, मग लोळ्यानं, आणि शेवटी गोधडीचा कोपरा निघावा तसा अख्खा पट्टा. तोंडावर पडत होतं सगळं. अर्चनानं ते घमेल्यात भरलं. घमेलं भरलं तरी उरलं.

पट्टा हातात घेऊन नंदू म्हणाला, "मीच कापली होती माय. हिची जाळी. तू बांधेल गाठ सुटेना, मंग ब्लेडनं कापली. दिवाळीच्या दोन दिवस आधी. मशीन म्हने काढा, मी काढली." थोडं थांबला. "अकोटच्या त्या पाच गाड्यायवरबी माहीच सही हाय. तिथल्या सायबाची सुट्टी होती, मी गेलो होतो."

मी नळी पुढे सारली. काही गोष्टी माणसानं स्वतःच ऐकायच्या असतात.

दोन वाजता दुसरी तपासणी. बाहेर एकोणपन्नास पूर्णांक दोन. गाडी उन्हात उभी, एसी पूर्ण, चाळीस मिनिटं, ताप लाल पट्टीला टेकता कामा नये. मी आधी कागद लावला. ओला होता, रुईचे धागे चिकटलेले होते. जाळीनं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. मी बोटं सोडली आणि दूर झाले. नोटीस गाडीच्या तोंडाला चिकटून राहिली, अक्षरं बाहेर. 'सदर दुकान तात्काळ बंद करण्यात यावे.' खाली माझ्या लेकाची सही.

दहा मिनिटं झाली. पंधरा. काल पंधराव्या मिनिटालाच गारवा गेला होता. अर्चना गाडीत बसली होती, पडद्यावर नजर. अठराव्या मिनिटाला ताप वर सरकला, दोन घरं. मग तो तिथंच थांबला. विसाव्याला एक घर खाली आला. चाळीस मिनिटं पूर्ण झाली तेव्हा अर्चनानं शाल मागितली. म्हणजे टॉवेलच, पण मागितला.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. गाडी सुस्थितीत. लाल निकाल रद्द.

ती खाली उतरलीसुद्धा नाही. उमरीच्या पलीकडून फोन आला होता, वीटभट्टीवरची एक बाई पडली होती. "मावशी, छत्री घेऊन देईन नवी," ती ओरडली आणि गाडी फाटकाबाहेर गेली. काच बंद, एसी चालू. गाडी वळताना कागद सुटून पडला. मी तो उचलून आणला.

आत आले तेव्हा नंदू पडद्यासमोर उभा होता. सही बाकी होती.

"वाच," मी म्हटलं. "मले चष्मा नाही आनला."

त्यानं वाचलं. "पूर्वी आढळलेला दोष आपोआप दूर झाला. साक्षीदारानं मान्य करावे."

"काय दूर झाला?"

"आपोआप."

मी घमेल्याकडे बघितलं. माझे हात कोपरापर्यंत काळे होते, पाठीला पोत्याची नक्षी उठली होती. आपोआप.

"आपोआप काही जात नाही नंद्या. ना दोष जात, ना मानूस. कोनीतरी खाली शिरते तेव्हा जाते."

"मान्य केलं तं काम संपलं माय. गाडी सुटलीच हाय. माही नोकरीबी..." तो थांबला. "अन् मान्य नाही केलं, तं कारन लिवा लागन. इथं बिनकागदाच्या मानसानं हात लावला, अन् मी लावू देल्ला. मीबी लावला."

"नोकरी तुही हाय. मी सांगनार नाही."

आणि मी सांगितलंही नाही. खुर्ची ओढून बसले. हात जोडून काही मागणं मला जमलेलं नाही, नवऱ्याकडे नाही, देवाकडे नाही, मुलाकडे तर नाहीच नाही. पण त्याला माहीत होतं तेच मला माहीत होतं. मशीन जे लिहिलं जातं तेवढंच शिकतं. आपोआप लिहिलं तर अकोटच्या पाच गाड्या सोमवारी चेपल्या जातील. दहा वर्षं अशाच चेपल्या जातील. आणि प्रत्येकीच्या मागे कोणी शेषराव, बायकोला ताई म्हणणारा.

त्यानं पडद्यावरची कारणांची यादी खालीवर केली. त्यात रुई नव्हतीच. मग सगळ्यात खालच्या 'इतर'वर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर टिपत लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होता, शाळेत म्हणायचा तसं.

"एसीची जाळी व पाण्याची जाळी यांच्या मध्ये कापसाची रुई. हवा बंद. समोरची मच्छरदाणी माझ्या हातानं काढल्यामुळे. कौतिकाबाई रामदास पांचाळ, मिस्तरी, यांनी खालून काढली."

"मिस्तरी?" मी म्हटलं.

"मंग काय लिवू?"

"काही नाही. बरोबर हाय."

त्यानं अंगठा लावला. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग लाल अक्षरं आली. साक्षीदाराने अनधिकृत काम होऊ दिले. पुढील आदेशापर्यंत प्रवेश रद्द. नंदूनं टेबलाच्या खणाला अंगठा लावला, उघडला नाही. मधल्या दाराला लावला, उघडलं नाही. डबा आत राहिला, सदरा बाहेर दोरीवर होता म्हणून वाचला. आम्ही धुवायच्या जागेतून, ओल्या फरशीवरून बाहेर पडलो.

"जेवला का?" मी विचारलं.

"डबा आत हाय."

"घरी भाकर हाय. चाल."

खांबांनी पुन्हा पुकारा केला. या वेळी दोघांवर.

रविवारी पहाटे आम्ही अकोटला गेलो, भोंग्याच्या आधी पोचावं म्हणून पहिल्या एसटीनं. सोबत साधी नळी, छत्रीच्या चार काड्या, दोन पोती आणि जुन्या मच्छरदाणीचे पाच तुकडे, कडा शिवलेले. आवारात पाच थंडगाड्या ओळीनं उभ्या होत्या, काचांवर लाल पट्ट्या. त्या गावांच्या नर्सा आधीच येऊन फाटकाशी थांबल्या होत्या. अर्चनानं रात्रीतून सगळ्यांना निरोप धाडले होते. पहिलीनं गाडी चालू केली, एसी लावला. नंदूनं खिशातून तोच नोटिशीचा कागद काढला, घड्या उलगडल्या, जाळीवर टेकवला आणि बोटं सोडली.

कागद पडला.

चौकीदार धावत आला. "ओ, या गाड्या निकाली हायेत. सील हाय. हात लावायची परवानगी कोनाची?"

मी पातळाचा काचा मारत होते. "नियम अकरा," मी त्याला सांगितलं. "मालकिनी या उभ्या. गाड्या धुवायच्या हायेत. नळ कुठं हाय तेवढं दाखव."